अडीचशे शब्दांमागची वही



फायनल इयरच्या प्रोजेक्टला दिवाळीनंतर जरा वेग येतो, आणि त्याच सुमारास कुणीतरी सीनियर सहज म्हणून जातो, "अरे, हे कॉन्फरन्सला पाठवा की!" आम्हालाही असंच कुणीतरी म्हणालं होतं. आमचा चौघांचा प्रोजेक्ट चुलीच्या धुराचा होता. स्वस्तातला सेन्सर, मायक्रोकंट्रोलर आणि मेमरी कार्ड एका डब्यात बसवायचं आणि तो डबा स्वयंपाकघरात टांगून हवेतले सूक्ष्म कण मोजायचे. विषय इलेक्ट्रॉनिक्सचा तसाच आरोग्याचाही. म्हणून ठरवलं, जागतिक आरोग्यावरच्या एका परिषदेला ॲबस्ट्रॅक्ट पाठवायचा. मुदत संपायच्या चार दिवस आधी, एका रात्रीत, कॅन्टीनच्या तीन चहांवर तो लिहून झाला. त्यात 'ग्रामीण महिलांच्या आरोग्यात क्रांती' हे शब्दही होते.

सकाळी गाईड सरांना दाखवला. सरांनी पेन उचललंच नाही. फक्त चार प्रश्न विचारले : "किती घरं? किती दिवस? कशाशी तुलना? आणि कुणाला विचारून?"

पहिल्या तिघांची उत्तरं आम्ही अडखळत दिली. चौथ्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतंच. त्या वर्षी आमचा ॲबस्ट्रॅक्ट गेला नाही. का गेला नाही ते पुढे येईलच. पण त्या चार प्रश्नांनी जे शिकवलं ते आपल्या होस्टेलमधल्या पुढच्या बॅचला उपयोगी पडावं, म्हणून हा लेख. आज आपल्याकडे बायोमेडिकल उपकरणं, पाण्याची तपासणी, आरोग्य ॲप असे प्रोजेक्ट बरेच होतात. त्यातले काही अशा परिषदांत जायच्या लायकीचे नक्कीच असतात.

ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे काय?

ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे आपल्या कामाचा गोषवारा, साधारण अडीचशे ते साडेतीनशे शब्दांचा. परिषदेचे परीक्षक तुमचा रिपोर्ट वाचत नाहीत, सर्किट बघत नाहीत. बहुतेक मोठ्या परिषदांत त्यांना तुमचं नाव आणि कॉलेजही दिसत नाही. एकामागोमाग एक ॲबस्ट्रॅक्ट वाचून ते गुण देतात. त्या गुणांवर ठरतं की तुम्ही व्यासपीठावर बोलणार, पोस्टर लावणार, की घरी बसणार.

आरोग्याच्या क्षेत्रात हा गोषवारा ठराविक खणांत लिहायची पद्धत आहे. १९८७ साली 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात असा प्रस्ताव आला की सारांश मोकळ्या परिच्छेदात न लिहिता शीर्षकं देऊन लिहावा, म्हणजे घाईत असलेल्या डॉक्टरलाही हवं ते चटकन सापडेल. पुढे हीच पद्धत रूढ झाली. आज साधारणपणे चार खण असतात : पार्श्वभूमी, पद्धत, निष्कर्षाचे आकडे आणि अर्थ. 'द लॅन्सेट'मध्ये पाचवा खण पैसे कुणी दिले याचा असतो.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा मजकुराचं काय महत्त्व? एक उदाहरण घ्या. आंतरराष्ट्रीय एड्स परिषद १९८५ साली अटलांटात सुरू झाली. १९९६ मध्ये ती व्हँकुव्हरला भरली. औषधं एकत्र करून दिली तर विषाणू दाबून ठेवता येतो, हे तिथे आकड्यांनिशी मांडलं गेलं आणि त्यानंतर एड्सच्या उपचाराची दिशाच बदलली. आपलं काम तेवढं मोठं नसेल. पण आपले आकडेही कुणीतरी खरे मानूनच वापरणार असतं, हे लक्षात ठेवायचं.

गडचिरोलीचा धडा

चांगला गोषवारा कसा असतो हे बघायला लांब जायला नको. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि 'सर्च' संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी गडचिरोलीत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्याचा निबंध डिसेंबर १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला. लायब्ररीच्या पी.सी.वर त्याचा सारांश उघडा आणि सरांचे प्रश्न हातात घेऊन वाचा.

किती? प्रयोगाची ३९ गावं. कशाशी तुलना? ४७ गावं अशी, जिथे ही सेवा दिली नव्हती. काय केलं? गावातल्याच कार्यकर्तीला प्रशिक्षण दिलं. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला प्रतिजैविकाचं इंजेक्शन देण्यापर्यंत. काय झालं? तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू २५.५ होते आणि निव्वळ घट ६२.२ टक्के होती. खर्च किती? एका बाळामागे ५.३ डॉलर. एवढंच नाही, १९९७-९८ मध्ये सेवा दिलेल्या दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळला, हेही तिथे आहे.

मी हा सारांश पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यात आमच्यासारखी विशेषणं शोधत होतो. 'क्रांती' कुठेच नव्हती. आणि आमच्या त्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये विशेषणं अकरा होती, आकडे दोन! त्या दिवशी कळलं की आपल्याकडे आकडा नसतो तिथे आपण विशेषण घालतो.

चार खण कसे भरायचे

पार्श्वभूमी दोन वाक्यांत संपवा. भारतात चुलीवर स्वयंपाक होतो हे परीक्षकाला माहीत असतं. तुम्ही नेमका कुठला प्रश्न घेतला ते सांगा आणि शेवटच्या वाक्यात 'आम्ही हे मोजायचं ठरवलं' असं स्पष्ट म्हणा.

पद्धत हा खण आपल्याला जमायला हवा, कारण आपण इंजिनिअर. कुठे, कधी, किती घरं, घरं कशी निवडली, कुठलं उपकरण, कुठे टांगलं, किती सेकंदांनी नोंद आणि कॅलिब्रेशन कशाशी केलं. 'सोयीची घरं निवडली' तर तसंच लिहा. लॉटरी काढून निवडली नसतील तर 'रँडम' हा शब्द वापरू नका. आपल्या बोलण्यात रँडम म्हणजे 'असंच'. संख्याशास्त्रात तसं नाही.

आकड्यांच्या खणाला सर्वांत जास्त शब्द द्या. सरावासाठी एक मनाने रचलेलं उदाहरण घेऊ. वाईट वाक्य असं : 'सुधारित चुलीमुळे धुराचं प्रमाण लक्षणीयरीत्या कमी झाल्याचं आढळलं.' चांगलं वाक्य असं : 'तीस घरांपैकी २६ घरांच्या नोंदी विश्लेषणात घेतल्या, चार घरांत उपकरण बंद पडलं. स्वयंपाकाच्या वेळचं मध्यक प्रमाण जुन्या चुलीवर ६१० आणि नव्या चुलीवर ४३० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर होतं.' दुसऱ्या वाक्यात चार घरं बुडाल्याची कबुली आहे. त्यानं गुण कमी होतात असं वाटतं ना? उलट परीक्षकाचा विश्वास बसतो. सोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल दिला तर आणखी चांगलं.

आणि एक वाक्य कधीही लिहू नका : 'निकाल परिषदेत सादर केले जातील.' आमच्या ॲबस्ट्रॅक्टचा शेवट नेमका असाच होता. हे म्हणजे ओरलला जाऊन 'उत्तर पुढच्या आठवड्यात देतो' म्हणण्यासारखं आहे. निकाल हाताशी नसतील तर थांबा. काही परिषदांत प्रत्यक्ष कामातून आलेल्या धड्यांसाठी वेगळा प्रकार असतो. एड्स परिषदेत तो बरीच वर्षं आहे. तिथे प्रयोगाच्या निकालांऐवजी काय केलं आणि काय शिकलो ते मांडतात. तुमचं काम त्यात बसत असेल तर तो प्रकार निवडा.

शेवटचा खण अर्थाचा. इथे आपण सगळे घसरतो. आम्ही मोजला धूर आणि लिहिलं 'आरोग्य सुधारलं'. कुणाचं फुप्फुस तपासलं होतं का? नाही. मग आपल्याला एवढंच म्हणता येतं की अमुक घरांत, अमुक दिवसांत, धूर एवढा कमी दिसला. मोजलं त्याच्यापुढे एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही.

सेन्सर खोटं कसं बोलतो

आमच्या नोंदींचा ग्राफ काढला तेव्हा एक गंमत दिसली. संध्याकाळी चूल पेटली की रेघ वर वर जायची आणि १००० ला पोचून टेबलासारखी सपाट व्हायची. धूर बरोब्बर हजारावर थांबतो असं नाही. आमच्या सेन्सरची ती कमाल मर्यादा होती. खरं प्रमाण त्याच्या वर कुठेतरी होतं, आम्हाला ते दिसतच नव्हतं.

एक मित्र म्हणाला, "सपाट भाग उडवून टाकू, ग्राफ छान दिसेल." मोह झालाच. पण विचार करा. सपाट भाग तसाच ठेवून सरासरी काढली तर ती खऱ्यापेक्षा कमी येणार. तो भाग उडवला तर आणखी कमी येणार, कारण सर्वांत जास्त धुराचीच मिनिटं आपण फेकून दिली. मग उपाय काय? मध्यक वापरायचा. निम्म्याहून कमी नोंदी मर्यादेला टेकलेल्या असतील तर मध्यकाला धक्का लागत नाही. आणि किती टक्के नोंदी मर्यादेला टेकल्या, हे एका वाक्यात सांगून टाकायचं.

दुसरी फसवणूक वाफेची. हे स्वस्त सेन्सर प्रकाश कणांवरून किती विखुरतो यावरून प्रमाण ठरवतात. हवेत दमटपणा वाढला की कण पाणी शोषून फुगतात आणि वाफेचे थेंबही कणच वाटतात. शेजारी भाताला कढ आला की सेन्सर धूर वाढला म्हणून सांगतो! म्हणून आर्द्रतेची नोंद सोबत घ्या आणि निदान काही दिवस फिल्टरवर कण गोळा करून वजनाने मोजणाऱ्या उपकरणाशी आपला डबा ताडून पाहा.

तिसरी चूक सेन्सरची नव्हती, आमची होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पी.एम. २.५ साठी वर्षाची सरासरी ५ आणि २४ तासांची १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर अशी पातळी सुचवली. आम्ही स्वयंपाकाच्या दोन तासांचं प्रमाण घेतलं आणि थेट १५ शी तुलना करून 'कित्येक पट धोका' असं लिहून मोकळे झालो. दोन तासांचा आकडा दोन तासांशी आणि २४ तासांचा २४ शीच जोखायचा असतो. हे तर आपण फर्स्ट इयरला युनिट्समध्ये शिकलो होतो.

कुणाला विचारून?

आता सरांच्या चौथ्या प्रश्नाकडे येतो.

आमच्यापैकी एकाच्या गावाजवळची वाडी, ओळखीची घरं. "काकू, डबा लावू का?" म्हटलं की "लावा की" असं उत्तर मिळायचं. आम्हाला वाटलं, झाली परवानगी. पण कुणाच्या घरात दिवसभर नोंद घेणं, कोण किती वाजता चूल पेटवतं, घरात कुणाला खोकला आहे हे लिहून घेणं, हे सगळं माणसांवरचं संशोधन आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं यासाठीच आहेत. काम सुरू करण्याआधी नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि सहभागी माणसाला त्याच्या भाषेत समजावून त्याची संमती घ्यावी लागते. परिषदेच्या फॉर्मवरही हा प्रश्न बऱ्याचदा असतो. काम झाल्यावर मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही, आणि मागूही नये.

सरांनी आम्हाला जवळच्या मेडिकल कॉलेजात पाठवलं. तिथल्या पी.एस.एम. विभागातल्या मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "डबा छान आहे. पण या नोंदी वापरता येणार नाहीत." चौघांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. सहा आठवड्यांचं काम! रूमवर आल्यावर भांडणही झालं. एक म्हणाला, फॉर्मवर 'मंजुरी आहे' असं टिक करून टाकू, कोण बघतंय? खरंच, कुणी बघणार नव्हतं. पण ज्या काकूंनी विश्वासाने घर उघडलं त्यांच्या नावावर आपण पहिलीच गोष्ट खोटी लिहिणार होतो. टिक केली नाही. मुदत गेली.

तिघे नोकरीला लागले, मी एम.टेक.ला इथेच राहिलो. मॅडमच्या मदतीने प्रस्ताव लिहिला, मेडिकल कॉलेजच्या समितीची मंजुरी घेतली आणि मराठीत संमतिपत्र तयार केलं. पुन्हा त्याच वाडीत गेलो. एका आजींना संमतिपत्र वाचून दाखवलं : नाव कुठे छापणार नाही, नको वाटलं तर कधीही डबा काढून नेऊ, वगैरे. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते समदं ठीक हाय. पन आमच्या घरात धूर किती निघाला ते आमाला कवा सांगनार?"

आमच्या प्रस्तावात याचं उत्तर नव्हतं. मागच्या वेळचे आकडे आम्ही सरांना, मित्रांना, वर्गातल्या सेमिनारला दाखवले होते. परदेशातल्या परीक्षकांनाही दाखवायला निघालो होतो. फक्त ज्यांच्या घरचे होते त्यांना सांगितले नव्हते. आजींना तिथेच कबूल केलं, आणि घरोघरी निकाल सांगण्याची पायरी समितीला कळवून प्रस्तावात घातली.

पाठवताना घ्यायची काळजी

१) लेखक कोण हे आधीच ठरवा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत : कामात ठोस वाटा, लिखाणात किंवा त्याच्या चिकित्सेत भाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि मजकुराची जबाबदारी. चारही हवेत. रूम पार्टनरने रात्री प्रिंट काढून दिली म्हणून तो लेखक होत नाही. चहा पाजा. मदत करणाऱ्या आशाताईंसारख्यांचे आभार मात्र पोस्टरवर जरूर माना.

२) ए.आय.कडून इंग्रजी दुरुस्त करून घ्यायचं असेल तर परिषदेचा नियम आधी वाचा आणि विचारलं असेल तर तसं नमूद करा. ए.आय. लेखक होऊ शकत नाही. दुरुस्तीनंतर प्रत्येक आकडा स्वतःच्या वहीशी पुन्हा ताडा, कारण वाक्य गुळगुळीत करताना 'दिसलं'चं 'सिद्ध झालं' सहज होऊन जातं.

३) मुदतीचं घड्याळ कुठलं ते बघा. मध्य युरोपच्या हिवाळी वेळेनुसार रात्री ११.५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे ४.२९. चार तास जास्त मिळाले म्हणून खूष होऊ नका, होस्टेलचं नेट नेमकं पहाटेच रुसतं. दोन दिवस आधी पाठवा.

४) 'आदरणीय संशोधक' म्हणून अचानक आलेल्या ई-मेलपासून सावध. ज्या परिषदेत हृदयरोगापासून सिमेंटपर्यंत सगळे विषय चालतात, दोन दिवसांत स्वीकृती येते आणि लगेच फी मागतात, तिथे पैसे घालवू नका. आधी सरांना, लायब्ररीयन मॅडमना विचारा.

५) पैशाचं आधी बघा. बऱ्याच मोठ्या परिषदांत कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी फी कमी असते. शिष्यवृत्तीचा अर्ज अनेकदा ॲबस्ट्रॅक्टच्या सोबतच भरायचा असतो, निवड झाल्यावर नव्हे. पासपोर्ट आधी काढून ठेवा. व्हिसाचं सांगता येत नाही. २०२२ च्या मॉन्ट्रियलच्या एड्स परिषदेला आफ्रिकेतल्या अनेक प्रतिनिधींना व्हिसाच मिळाला नव्हता.

निवड झाल्यावर

आमचा ॲबस्ट्रॅक्ट दुसऱ्या वर्षी गेला आणि पोस्टरसाठी निवडला गेला. तिकिटाचे पैसे जमले नाहीत. मॅडम स्वतःच्या कामासाठी त्या परिषदेला जाणार होत्या, सहलेखक म्हणून पोस्टर त्यांनीच लावलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण काम थांबलं नाही. आता पूर्ण निबंध लिहायला घेतलाय.

हे सांगायचं कारण असं की ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे शेवट नव्हे. २०१८ मध्ये कॉक्रेनच्या एका आढाव्यात तीन लाखांहून अधिक ॲबस्ट्रॅक्टचा मागोवा घेतला होता. त्यातले सुमारे ३७ टक्केच पुढे पूर्ण निबंध म्हणून छापले गेले, आणि ज्यांचे निकाल 'चांगले' आले ते छापले जाण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे ज्या चुलीने काही फरक पडला नाही तिची गोष्ट ॲबस्ट्रॅक्टमध्येच अडकून पडते, आणि दुसऱ्या गावातली मुलं पुन्हा तीच चूल घेऊन तोच प्रयोग करतात. निकाल मनासारखा आला नाही तरी लिहा. तो जास्त गरजेचा असतो.

पोस्टर जाण्याआधी आम्ही वाडीत जाऊन आलो. प्रत्येक घरासाठी एक कागद नेला होता : मराठीत, मोठ्या अक्षरात, त्या घराचा आकडा आणि तो कधी चढतो याचं साधं चित्र. आजींचा धूर सकाळी चूल पेटवताना सर्वांत जास्त होता. कागद बघून त्या म्हणाल्या, "वल्लं सरपन. पावसाळ्यात दुसरं काय करनार?" ओल्या लाकडाचा मुद्दा आमच्या अडीचशे शब्दांत नव्हता. पूर्ण निबंधात तो घातला आहे, आणि पुढच्या फेरीत सरपणाचा ओलेपणा मोजायचाही विचार आहे.

तर मंडळी, यंदा ज्यांना पाठवायचं आहे त्यांनी आजच एक वही घाला. तारीख, घर, नोंद, बिघाड सगळं तिच्यात. आणि ॲबस्ट्रॅक्ट लिहून झाला की प्रत्येक वाक्यासमोर वहीतला पान नंबर टाका. ज्या वाक्याला पान सापडत नाही ते वाक्य खोडा. मसुदा कुणाला दाखवायचा असेल तर पी.जी. होस्टेलवर रात्रीच्या मेसनंतर मी असतोच.